रिद्धपूरला चाललीस, मग थोडं ऐकून जा

काल तुझ्या आईचा फोन आला होता. तू रिद्धपूरच्या मराठी भाषा विद्यापीठात नाव घातलंस हे तिनं सांगितलं, आणि त्यावरून घरात काय रामायण झालं तेही. मामा म्हणाले, "मराठी तं सगळ्याइलेच येते, ते शिकाले विद्यापीठ कायले पाह्यजे?" आत्या म्हणाली, "त्या खेड्यात जाऊन का करशीन वो माय? बी.एड. कर, नोकरी तं लागन." शेजारच्या काकूंनी सरळ स्थळाचाच विषय काढला. आणि तू न जेवता झोपलीस.

आधी जेवत जा बाई. मग ऐक.

लोकांच्या बोलण्याकडे लक्ष देऊ नकोस, असं मी तुला सांगणार नाही. सांगायला ते फार सोपं असतं. आपल्याकडे घराचं दार दिवसभर उघडं असतं आणि ओट्यावर कुणी ना कुणी बसलेलं असतंच. हे बोलणारे मामाच पहाटे तुला गाडीवर बसवून स्टँडवर सोडायला येणार आहेत. आत्यानं तुझ्या बारावीच्या वर्षी क्लासची फी भरली होती, आणि त्याचा कधी उच्चारही केला नाही. अशी माणसं मनातून काढून टाकता येत नाहीत, टाकूही नयेत. म्हणून मला तुला वेगळंच काही सांगायचंय. परवानगी मागणं एक आणि माहिती विचारणं एक. तू या दोन्हींची गल्लत करतेस. "मी मराठी घेऊ का?" असं तू मामांना विचारलंस. ज्या माणसाचं सगळं आयुष्य शेती आणि अडतीत गेलं, ज्यानं विद्यापीठाची पायरी कधी पाहिली नाही, त्यानं या प्रश्नाला दुसरं काय उत्तर द्यावं? त्यांनी त्यांच्या भीतीतून उत्तर दिलं. भीती खरी आहे, प्रेमातून आलेली आहे, पण ती माहिती नाही.

आणि तू चाललीस कुठे, तर रिद्धपूरला! मोर्शी तालुक्यातल्या याच गावात साडेसातशे वर्षांपूर्वी आयुष्यभर प्रश्न विचारत राहिलेली एक बाई राहत होती. महदाइसा. पाठ्यपुस्तकात तिच्यावर दोन ओळी असतात: मराठीतली पहिली कवयित्री, 'धवळे' रचणारी. पेपरात तेवढ्यानं गुण मिळतात. पण ती होती कोण ते बघ. बालविधवा. तेराव्या शतकातल्या बालविधवेच्या वाट्याला काय येत असेल ते मी तुला वेगळं सांगायला नको, आपल्या पणजीच्या काळापर्यंत तेच चालू होतं. ती आधी दादोस नावाच्या गुरूंची शिष्या होती. तिथून महानुभाव पंथाच्या श्रीचक्रधरस्वामींकडे आली, आणि आल्यावर गप्प बसली नाही. स्वामींच्या आठवणींचं लीळाचरित्र वाचायला घेशील तेव्हा ती तुला जागोजाग भेटेल: हे असं का, ते तसं कसं, याचा अर्थ काय. स्वामींना तिचा त्रास झाला नाही, उलट ही नेहमी काही ना काही पुसत असते असं ते कौतुकानं म्हणाले. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडे बायकांच्या सहनशीलतेचं कौतुक होतं, कामाच्या उरकाचं होतं, स्वयंपाकाचं तर होतंच. प्रश्न विचारते म्हणून बाईची वाखाणणी झालेली तू तुझ्या आजूबाजूला किती वेळा ऐकलीस?

याच स्वामींनी बायकांच्या पाळीला विटाळ मानायला नकार दिला होता. नाकाला शेंबूड यावा तसा हा देहाचा धर्म, यात कसला विटाळ, असं त्यांचं सांगणं लीळाचरित्रात नोंदलेलं आहे. आपल्या घरात अजून चार दिवस देवघराचं दार बंद असतं. असो.

धवळ्यांची गोष्ट नीट ऐक, कारण ती अर्धवटच सांगितली जाते. रिद्धपूरचे श्रीगोविंदप्रभू, ज्यांना लोक गुंडम राउळ म्हणायचे, त्यांना गावातले कित्येकजण वेडे समजत. ते पोराबाळांत खेळायचे, मनात येईल त्या घरी जायचे, कुणाची जात न बघता त्याच्या घरचं खायचे. हसणारे हसत. आणि अडल्यानडल्याला तेच गाव राउळांना आईबाप म्हणून हाक मारायचं. भडोचच्या प्रधानाचा मुलगा रामटेकच्या यात्रेच्या निमित्तानं निघाला आणि याच 'वेड्या'ला रिद्धपूरच्या बाजारात भेटून त्याचा शिष्य झाला, तेच पुढे चक्रधरस्वामी. तर या गोविंदप्रभूंनी एकदा लग्नाचा हट्ट धरला. भक्तांनी लग्नाचा थाट मांडला आणि वराची गाणी, म्हणजे धवळे, म्हणायला महदाइसेला सांगितलं. १२८७ च्या सुमाराची ही हकिगत. तिनं श्रीकृष्ण-रुक्मिणीच्या विवाहाचे धवळे रचून गायले. उरलेला भाग पुढे म्हाइंभटांच्या आग्रहावरून तिनं पुरा केला.

आता जरा आपल्या गावातल्या मांडवाकडे बघ. गेल्या उन्हाळ्यात तुझ्या मैत्रिणीच्या हळदीला तिची सख्खी मोठी आई मांडवाच्या बाहेर, चुलीपाशी बसून होती. पोरीला लहानाची मोठी केली तिनं, आणि हळद लावायच्या वेळी तिला कुणी पुढे बोलावलं नाही, कारण कपाळ पांढरं. मोबाइलच्या जमान्यात आपली ही तऱ्हा. आणि तेराव्या शतकात, याच मुलखात, एक विधवा बाई भर मांडवात लग्नाची गाणी म्हणते, आणि मराठी कवितेतलं बाईचं पहिलं पान तिथून सुरू होतं. नाकं मुरडणारे तेव्हाही असणारच. तिनं त्यांच्यापुढे खुलासे दिले नाहीत. ज्यांना विचारायचं त्यांना विचारलं, ज्यांच्यासाठी गायचं त्यांच्यासाठी गायली.

दुसरे म्हाइंभट. मोठे पंडित, शास्त्रात कुणाला हार न जाणारे. ते पंथात आले आणि १२७४ च्या सुमाराला स्वामींनी उत्तरेकडे प्रयाण केल्यावर बाकीच्या शिष्यांबरोबर रिद्धपूरला गोविंदप्रभूंच्या सेवेत राहिले. त्या शिष्यांतले नागदेवाचार्य स्वामींच्या आठवणी मनात घोळवत बसलेले असायचे. म्हाइंभटांच्या मनात आलं, ह्या आठवणी ह्या माणसांबरोबर जातील, त्या लिहून ठेवल्या पाहिजेत. आणि वाजेश्वरीच्या देवळात बसून त्यांनी नागदेवाचार्यांकडून ऐकलेल्या लीळा लिहायला घेतल्या. नागदेवाचार्यांना जे माहीत नव्हतं त्यासाठी ज्यानं पाहिलं त्याच्याकडे गेले, जिनं ऐकलं तिच्याकडे गेले. गावोगाव हिंडले. कल्पना कर, ज्या विद्वानासमोर लोकांनी हात जोडून बसावं तो माणूस साध्यासुध्या बायाबापड्यांपुढे बसून विचारतोय, त्या दिवशी स्वामी कुठल्या दारानं आले, काय जेवले, नेमकं काय बोलले. १२७८ च्या सुमाराला त्यातून लीळाचरित्र झालं, मराठीतला पहिला चरित्रग्रंथ. ज्ञानेश्वरीच्याही आधीचा.

ते पुस्तक तू अभ्यासाला घेशील तेव्हा एक गोष्ट बघ. एखादी लीळा दोघांनी दोन तऱ्हांनी सांगितली असेल, तर दुसऱ्याचं सांगणंही तिथं नावानिशी येतं: अमुक असं म्हणतात. खोडून टाकलं नाही, गुळगुळीत केलं नाही. चिकाटी म्हणतात ती मला यात दिसते. पोस्टरवरची डोंगरमाथ्यावर हात उंचावलेली नव्हे, ही: परत जाऊन पुन्हा विचारण्याची.

बरं, एवढं करून ग्रंथ टिकला का? नाही टिकला. नागदेवाचार्य १३०२ मध्ये गेले, पाठोपाठ खिलजीच्या स्वाऱ्यांची धामधूम उसळली आणि त्या धाडीत मूळ पोथी गेली. सगळं संपलं असं म्हणणारे त्या दिवशी खोटं बोलत नव्हते, पोथी खरोखरच गेली होती. पण लीळा ज्यांना तोंडपाठ होत्या ती माणसं होती, आणि त्यांच्या आठवणीतून लीळाचरित्र पुन्हा उभं राहिलं. त्यात हिराइसेचा पाठ फार मानला जातो. एका बाईनं ते सगळं डोक्यात सांभाळलं होतं. पुढे महानुभावांनी पोथ्या सकळ लिपीसारख्या गुप्त लिप्यांत घातल्या, त्या कित्येक शतकं बाहेरच्यांना वाचताच येईनात, आणि विसाव्या शतकात राजवाड्यांसारख्या संशोधकांनी लिपीची कोडी सोडवली तेव्हा कुठे उरलेल्या महाराष्ट्राला कळलं की रिद्धपुरात काय झालं होतं. एवढा मोठा वळसा!

"मराठी सगळ्याइलेच येते" या मामांच्या म्हणण्याचा मला अजिबात राग येत नाही, कारण ते फार जुनं आहे. त्याच पंथातले केशिराजबास संस्कृतचे पंडित. त्यांनी संस्कृतात विचारलं, संस्कृतात लिहायला घेतलं, तेव्हा नागदेवाचार्यांनी त्यांना अडवलं. मला स्वामींनी मराठीत शिकवलं, आणि तुम्ही संस्कृतात लिहिलंत तर आमच्या म्हाताऱ्या बाया त्याला मुकतील, असा त्याचा मथितार्थ. 'स्मृतिस्थळ' या ग्रंथात आहे हे. म्हणजे जी भाषा सगळ्यांना येते तिच्यातच मोठं काम करायचं, हे त्यांनी ठरवून केलं. पंडितांच्या लेखी तेव्हा ते खालच्या दर्जाचं काम होतं.

आणि पुढे तरी काय झालं? विदर्भातच बघ. रामटेकला संस्कृतचं विद्यापीठ १९९७ मध्ये झालं. वर्ध्याला हिंदीचं, तेही १९९७ मध्येच. मराठीच्या राज्यात मराठीचं विद्यापीठ मात्र २०२३ च्या अर्थसंकल्पात जाहीर झालं आणि २०२४ मध्ये डॉ. अविनाश आवलगावकर त्याचे पहिले कुलगुरू झाले. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. मागणी जुनी होती. खेड्यात विद्यापीठ चालतं का, पोरं कशी येतील, प्राध्यापक राहतील का, हे सगळं ऐकून घेत माणसं मागत राहिली. तू त्या विद्यापीठाच्या अगदी सुरुवातीच्या पोरींपैकी एक. गैरसोयी असतील, त्या मी लपवत नाही. नव्या घरात सगळंच जागेवर नसतं. पण ज्या जागी तुला शिकायचंय ती जागासुद्धा 'हे होणार नाही' ऐकत ऐकतच उभी राहिली आहे.

तुला हे सगळं फार जुनं वाटत असेल तर जवळचं सांगते. मेळघाटात बैरागडला डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे. स्मिताताई नागपूरच्या, त्यांची तिथली प्रॅक्टिस बरी चाललेली. रवींद्र कोल्हेंच्या लग्नाच्या अटी ऐकल्यास का कधी? गावापर्यंत चाळीस किलोमीटर चालायची तयारी हवी, लग्न पाच रुपयांत नोंदणी पद्धतीनं, आणि महिन्याचा संसार चारशे रुपयांत. कितीतरी मुलींनी नाही म्हटलं, त्यात त्यांचं काहीच चुकलं नाही. स्मिताताई हो म्हणाल्या. नागपुरातल्या लोकांनी त्यांना काय काय ऐकवलं असेल ते तू ओळखशीलच. २०१९ मध्ये दोघांना पद्मश्री मिळाली, पण मला त्याहून त्यांची एक साधी गोष्ट आवडते. गावकरी म्हणाले, तुम्ही डॉक्टर ना, मग आमची ढोरं बरी करा. माणसांचा डॉक्टर 'हे माझं काम नाही' म्हणून मोकळा झाला असता. कोल्हेंनी अकोल्याच्या पंजाबराव कृषी विद्यापीठातल्या जाणकाराला विचारून गुरांचं वैद्यक शिकून घेतलं. पुढे शेतीचंही तसंच. ज्याला जे कळतं त्याला ते विचारायचं. महदाइसा काय, म्हाइंभट काय आणि हे काय, मला एकाच वाटेवरची माणसं दिसतात.

आता तुझ्या काळजीचं. तू विचारलंस, दोन वर्षं जातील आणि हातात काही दिसलं नाही तर? याचं उत्तर तुला तुझ्या बाबांच्या संत्र्याच्या बागेत मिळेल. आंबिया बहारासाठी डिसेंबरात बाग ताणावर सोडतात ना, तेव्हा बघ. पाणी बंद. पानं मलूल होतात, पिवळी पडतात, गळतात. भारी जमिनीत बाग कित्येक आठवडे अशीच राहते. रस्त्यानं जाणारा म्हणतो, "बाग गेली वाट्टे." बाबा त्याच्याशी वाद घालत बसत नाहीत. रोज सकाळी जातात, पानं हातात घेऊन चुरगाळून बघतात, किती गळलं ते बघतात, आणि वेळ आली की खत देऊन ताण तोडतात. मग फुटतो बहार. आणि कलम लावल्यापासून पहिलं फळ धरायला पाच-सहा वर्षं जातातच, ती कुणी वाया गेली असं म्हणत नाही. पण बाबा आंधळेपणानं थांबत नाहीत एवढं लक्षात घे. ताण जास्त झाला तर झाड मरतं, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. म्हणून रोज बघतात.

तसं तूही बघत राहा. आत्याच्या बोलण्यातला नोकरीचा मुद्दा खरा आहे, तो झटकू नकोस. फक्त तो आत्याशी सोडवू नकोस, ज्यांना ठाऊक आहे त्यांच्याकडे ने. सेट-नेटचा अभ्यास पहिल्या सत्रापासून कसा बसवायचा ते ती परीक्षा नुकतीच पास झालेल्या मुलीला विचार. अनुवाद, मुद्रितशोधन, दस्तऐवजांचं काम यांत पैसे किती आणि कसे मिळतात ते त्या कामावर पोट असणाऱ्याला विचार. मोडी शीक. जमलं तर सकळ लिपीही शीक. जुने कागद आणि पोथ्या वाचणारी माणसं फार कमी उरली आहेत, आणि तू तर त्या पोथ्यांच्या गावातच राहणार. एम.पी.एस.सी.ला मराठी कामाला येतं, तेही डोक्यात ठेव. एक वही कर. कुणाला काय विचारलं आणि काय उत्तर आलं ते लिहीत जा. दोन माणसांनी दोन उत्तरं दिली तर दोन्ही लिही, म्हाइंभटांसारखी नावानिशी. सहा महिन्यांनी ती वही वाचशील तेव्हा मामांच्या वाक्याचं वजन आपोआप कमी झालेलं असेल, कारण पलीकडच्या पारड्यात तुझी स्वतःची माहिती पडलेली असेल.

एक मात्र मनापासून सांगते. घरातून कुणी म्हणेल, "आम्ही आधीच म्हटलं होतं." एखाद्या पेपरात गुण कमी पडतील, एखादा महिना पैशाची ओढाताण होईल, त्या दिवशी हमखास म्हणतील. त्या दिवशी भांडायचं नाही आणि सोडूनही द्यायचं नाही. त्या दिवशी निर्णयच घ्यायचा नाही. झोपायचं. सकाळी उठून जिथं अडलं तेवढंच एक शोधायचं, हा धडा कळला नाही तर कुणाला कळला असेल, आणि त्याच्याकडे जायचं. मी इतक्या वर्षांत हुशार पोरी मागे पडताना पाहिल्या त्या अभ्यास जड गेला म्हणून नव्हे. अडलं तेव्हा विचारायला लाजल्या, आणि न मागता मिळणारा सल्ला मात्र रोज ऐकत बसल्या. एकटेपणात हे फार लवकर होतं. म्हणून खोलीत एकटी राहू नकोस, कुणीतरी वर्गातलीच पोरगी जोडीला घे. संध्याकाळी दोघी मिळून मोठ्यानं वाचत जा. लीळाचरित्राची भाषा डोळ्यांनी वाचली तर अवघड वाटते, तोंडानं वाचली की आपल्या आजीच्या बोलण्यासारखी लागते. आपल्या वऱ्हाडी कानाला तर फार लवकर.

पोचल्यावर पहिल्याच आठवड्यात राजमठात जा, मग वाजेश्वरीला. पायातलं काढ, तिथल्या लोकांना दंडवत घाल, ते तसंच म्हणतात. देवळं बघून लगेच परत फिरू नकोस. तिथं वयस्कर बाया असतात, ज्यांच्या तोंडी कितीतरी लीळा आहेत. त्यांच्यापाशी बैस आणि विचार. पुस्तकात असलेलं विचारू नकोस, त्यांना कुणी शिकवलं ते विचार, लहानपणी कुणाच्या मांडीवर बसून ऐकलं ते विचार. मग मला फोन कर आणि काय सांगितलं ते सांग, मलाही ऐकायचंय.

मामांशी मी बोलते. रविवारी येतेच आहे तिकडे.